आनंदाची अंधारी रात्र

ख्रिस्ती अध्यात्माच्या भांडारातून जे मोजके शब्द रोजच्या बोलण्यात उतरले आहेत, त्यांत 'अंधारी रात्र' या शब्दांचा क्रम बराच वरचा लागेल. प्रवचनांत ते येतात, तपसाधनेच्या व्याख्यानांत येतात, मृत्युलेखांत तर हमखास येतात. धंदा बुडाला, अंधारी रात्र. जिवाचे माणूस गेले, अंधारी रात्र. प्रार्थनेत मन रमेना, तीही अंधारी रात्रच. कलकत्त्याच्या मदर तेरेजांची खासगी पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा वृत्तपत्रांनीही याच शब्दांचा आधार घेतला. हे शब्द ज्याच्यामुळे जगभर पोहोचले तो क्रूसाचा संत योहान, आणि ते ज्या रचनेतून आले ती त्याची आठ कडव्यांची, चाळीस ओळींची एक कविता. शब्द पुढे निघून गेले; कविता मात्र मागे राहिली. ती मूळ कविता वाचलेली माणसे आमच्या पाहण्यात फार थोडी आहेत, आणि त्यांत आम्हां धर्मगुरूंचीही गणना करावयाची झाल्यास आकडा फारसा वाढेल असे नाही.

प्रस्तुत लेखात त्या कवितेच्या अर्थाकडे थेट न जाता तिच्या बांधणीकडे, म्हणजे तिचा छंद, तिची यमके आणि तिच्यात पुनःपुन्हा येणारे शब्द यांच्याकडे पाहावे, असा विचार आहे. 'अंधारी रात्र' म्हणजे दुःख, ही जी समजूत रूढ झाली आहे, तिच्याविषयी ही कविता आपल्या नादातूनच काही वेगळे सांगते असे आम्हांस वाटते.

प्रथम कवितेचा विषय. एक स्त्री रात्री घराबाहेर पडते. घर शांत झाले आहे. वेष पालटून, गुप्त जिन्याने ती निघते. कोणी तिला पाहत नाही. हाती दिवा नाही. हृदयात जे पेटले आहे तेवढाच उजेड. तो उजेड तिला तिची वाट पाहणाऱ्याकडे घेऊन जातो. दोघांचे मीलन होते. तो तिच्या वक्षावर झोपी जातो, ती त्याचे केस विंचरते आहे, देवदारांतून वारा येतो आहे. शेवटी तीही आपले मुख त्याच्यावर टेकवते आणि सगळे थांबते. बस्स, एवढेच. चाळीस ओळींत 'देव' हा शब्द नाही, 'आत्मा' नाही, 'ख्रिस्त' नाही, 'पाप' नाही, 'क्रूस' नाही. कवितेच्या माथ्यावर संताने एक मथळा दिलेला आहे. त्यात आत्मा आहे, देवाशी ऐक्य आहे आणि 'आनंद' असा स्पष्ट शब्दही आहे. पण मथळा ओलांडून आत पाऊल टाकले की उरते ते निखळ प्रेमगीत.

येथे आमच्या ओळखीचे काही भाविक अस्वस्थ होतात. संताने असे लिहावे का, हा त्यांचा प्रश्न. आणि त्याचे ठरीव उत्तर असे की, हे सारे रूपक आहे, स्त्री म्हणजे आत्मा, प्रियकर म्हणजे ख्रिस्त, तेव्हा काळजीचे कारण नाही. उत्तर खोटे नाही. परंतु ते फार घाईने दिले जाते. टरफल फोडून गर काढावा आणि टरफल टाकून द्यावे, तशी वागणूक त्यात कवितेला मिळते. कवितेत टरफल आणि गर असे दोन भाग नसतात.

कवीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. हुआन दे येपेस हे त्याचे जन्मनाव. स्पेनमधील फोंतिवेरोस या गावी १५४२ साली त्याचा जन्म झाला. वडील गोन्सालो हे रेशमाच्या सधन व्यापाऱ्यांच्या घराण्यातले. त्यांनी कातालिना या गरीब विणकर मुलीशी लग्न केले आणि घराण्याने त्यांना दूर लोटले. प्रेमासाठी घर सोडणे म्हणजे काय, हे या कवीला पुस्तकातून शिकावे लागले नाही. तो लहान असतानाच वडील वारले. आईने मुलांना घेऊन दारिद्र्यात दिवस काढले. पुढे तो कार्मेल संघात शिरला, सालामांकाच्या विद्यापीठात शिकला, १५६७ साली धर्मगुरू झाला आणि त्याच वर्षी आविलाच्या संत तेरेजेची व त्याची भेट झाली. तेरेजेने आरंभिलेल्या सुधारणेत तो सामील झाला. सुधारणेला विरोध करणाऱ्या त्याच्याच संघबंधूंनी डिसेंबर १५७७ मध्ये त्याला पकडून तोलेदो येथील मठात कोंडले. सुमारे सहा फूट रुंद आणि दहा फूट लांब अशी ती खोली. नऊ महिन्यांनी, ऑगस्ट १५७८ मध्ये, एका रात्री पांघरुणाच्या पट्ट्या एकमेकींना बांधून तो भिंतीवरून खाली उतरला आणि निसटला. ही कविता त्या सुटकेनंतरच्या काळातली असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात. रात्र, कोणाच्या नजरेस न पडता बाहेर पडणे, उतरण्याची गुप्त वाट: वाचकाला हे धागे जोडण्याचा मोह होणारच, आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. १५९१ साली १४ डिसेंबर रोजी उबेदा येथे त्याचा अंत झाला. त्याच तारखेस आपण त्याचा सण पाळतो. १७२६ साली त्याला संतपद मिळाले आणि १९२६ साली अकराव्या पायस पोप महोदयांनी त्याला ख्रिस्तसभेचा आचार्य म्हणून घोषित केले.

आता छंद. कवितेचा छंद 'लिरा' या नावाने ओळखला जातो. प्रत्येक कडव्यात पाच ओळी. त्यांतील अक्षरांची संख्या अनुक्रमे सात, अकरा, सात, सात, अकरा. पहिली आणि तिसरी ओळ एका यमकाने बांधलेली. दुसरी, चौथी आणि पाचवी दुसऱ्या यमकाने. गार्सिलासो दे ला वेगा या कवीने हा छंद इटालियन कवी बर्नार्दो तास्सो याच्या धर्तीवर स्पॅनिशमध्ये आणला. त्याच्या ज्या गीतात तो प्रथम आला त्याच्या पहिल्या ओळीत 'लिरा', म्हणजे वीणेच्या जातीचे वाद्य, हा शब्द होता, म्हणून छंदाचे नाव लिरा. गार्सिलासो सैनिक होता, दरबारी होता, आणि १५३६ साली लढाईतील जखमांनी गेला. त्याचे ते गीत प्रेमगीत होते. म्हणजे मठातल्या या साधूने हाती घेतलेला छंद देवळातला नव्हता, दरबारी प्रेमकवितेतला होता. सालामांकात शिकविणारे ऑगस्टिनियन संघाचे फ्राय लुईस दे लेओन यांनीही हाच छंद वापरला. याच फ्राय लुईस यांनी 'गीतरत्न' हे बायबलमधील प्रेमगीत स्पॅनिशमध्ये उतरविले होते, आणि १५७२ साली इन्क्विझिशनने त्यांना कैदेत टाकले तेव्हा ते भाषांतर त्यांच्यावरील आरोपांपैकी एक होते. प्रेमगीताला हात लावणे हे त्या काळी किती जोखमीचे होते, याची यावरून कल्पना यावी.

आपल्याकडचा वाचक कान तयार करून बसलेला असतो तो ओवी-अभंगावर. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. चौथा चरण आखूड आणि मोकळा. ओवीतही पहिल्या तीन चरणांची यमके जुळतात आणि चौथा आखडता येतो. १५७९ साली, म्हणजे योहान तोलेदोहून निसटल्यानंतर वर्षभराने, गोव्यात उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' लिहिले ते याच ओवीत, आणि आपल्या वाडवडिलांनी ते पिढ्यान् पिढ्या गाइले. ओवी आणि अभंग शेवटी श्वास आवरून घेतात. गाणारा थांबतो, टाळ वाजतो, पुढची ओळ सुरू होते. लिराची चाल उलटी. ती शेवटी श्वास सोडते. सात अक्षरांची आखूड चौथी ओळ येते आणि तिच्याच यमकावर अकरा अक्षरांची पाचवी ओळ उलगडते. जिन्याच्या अरुंद पायऱ्या उतरून एकदम अंगणात यावे, तसे प्रत्येक कडव्याच्या अखेरीस होते. आठ कडव्यांत आठ वेळा. चौथी ओळ अडचणीची, पाचवी मोकळी. दुःखाची कविता असा छंद निवडील का? निवडीलही कदाचित, पण मग तिला प्रत्येक कडव्यात छंदाशी भांडावे लागेल. येथे भांडण कोठेच ऐकू येत नाही.

या मोकळेपणाचा सर्वांत सुंदर उपयोग पाचव्या कडव्यात आहे. चौथ्या ओळीत फक्त तीन शब्द: प्रियकर, 'सोबत' अशा अर्थाचे अव्यय, आणि प्रिया. स्पॅनिशमध्ये प्रियकर 'आमादो', प्रिया 'आमादा'. पाचव्या ओळीत हेच दोघे उलट्या क्रमाने येतात. आधी ती, मग तो. आणि आता मधले अव्यय 'सोबत' हे नसून 'मध्ये' हे आहे. चार अक्षरे जी अधिक मिळाली त्यांच्या जागेत एक लांबलचक शब्द येऊन बसतो: 'त्रान्सफोर्मादा', रूपांतर पावलेली. स्पॅनिश छंदात एका शब्दाचा अंत्य स्वर आणि पुढील शब्दाचा आद्य स्वर मिसळून त्यांचे एकच अक्षर मोजतात. चौथ्या ओळीत असे मिसळणे कोठेच नाही. तो आणि ती शेजारी शेजारी, पण वेगळे उभे आहेत. पाचव्या ओळीत 'आमादा'चा शेवटचा स्वर 'मध्ये' या अर्थाच्या अव्ययात विरघळून जातो. छंदाचे अक्षर मोजून पाहावे, नाही तर ओळ अकराची होणार नाही. ऐक्य म्हणजे काय, हे धर्मज्ञानाच्या पुस्तकात शिकविताना आमच्यासारख्याला दोन तास लागतात. येथे एका स्वराने ते काम केले आहे. शिवाय 'त्रान्सफोर्मादा' या शब्दाची अखेरची दोन अक्षरे आणि 'आमादा'ची अखेरची दोन अक्षरे एकच आहेत. प्रिया त्या रूपांतरात नादानेही शिल्लक राहिली आहे. ती पुसून गेलेली नाही. 'आत्मा देवात विलीन होतो म्हणजे नाहीसा होतो का', असे विचारणाऱ्या जिज्ञासूला या यमकाकडे बोट दाखवावे.

यमकांचा विचार येथून पुढे अधिक रंजक होतो. मराठीप्रमाणे स्पॅनिशलाही लिंगभेद आहे, आणि धातुसाधित विशेषणांत तो उघड दिसतो. पहिल्या दोन कडव्यांचे प्रमुख यमक '-आदा' आहे, म्हणजे स्त्रीलिंगी प्रत्यय: पेटलेली, न दिसलेली, शांत झालेली, वेष पालटलेली. बोलणारी स्त्री आहे हे आपल्याला यमकामुळेच कळते. पाचव्या, ऐक्याच्या कडव्यात हे '-आदा' पुन्हा येते. आणि शेवटच्या, आठव्या कडव्यात? तेथे यमक '-आदो' आहे, पुल्लिंगी. 'आमादो' हा शब्द याआधी पाचव्या कडव्यात दोनदा येऊन गेला, पण एकदा ओळीच्या आरंभी आणि एकदा ओळीच्या पोटात. ओळीच्या अखेरीस, जेथे यमकाचा घण पडतो त्या जागी, तो प्रथम येतो तो शेवटच्या कडव्यात. आणि मग त्या कडव्याच्या उरलेल्या दोन्ही मोठ्या विसाव्याच्या जागा त्याच्याच नादाने भरून जातात. तिच्या प्रत्ययाने सुरू झालेली कविता त्याच्या प्रत्ययाने संपते. रूपांतराची घोषणा पाचव्या कडव्यात होते. ते घडलेले ऐकू येते आठव्यात.

मधल्या कडव्यांचेही पाहावे. तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि सातव्या कडव्यांत यमके बहुतांशी क्रियापदांची आहेत, आणि ती क्रियापदे चालू राहणाऱ्या भूतकाळाची आहेत: जळत होते, वाट पाहत होता, जपून ठेवत होते, वारा घालत होते. काळ जणू रेंगाळतो. याउलट 'झाले आणि संपले' असे सांगणारी क्रियापदे सबंध कवितेत मोजकी: पहिल्या कडव्यात एक, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. आठव्यात मात्र एकदम पाच. एवढा वेळ लांबत गेलेली रात्र तेथे पाच ठोक्यांत पूर्ण होते. दुसऱ्या कडव्यात तर पूर्ण क्रियापद एकही नाही. ती जिन्यावर आहे, अंधारात आहे, वेष पालटून आहे. पण ती 'काय करते' हे सांगणारा शब्दच कवीने दिलेला नाही. पहिल्या कडव्याच्या चौथ्या ओळीत 'निघाले' हे एक क्रियापद येऊन गेले, त्याच्यावरच पुढील दोन कडवी लोंबकळत राहतात. श्वास रोखून जिना उतरणाऱ्याला क्रियापदांची चैन परवडत नाही.

राहता राहिली पुनरुक्ती. जपमाळ करताना त्रेपन्न वेळा तेच 'नमो मरिये' का, असे विचारणारे तरुण प्रत्येक धर्मग्रामात असतात. त्यांना आमचे एकच उत्तर असते: लग्न ठरलेल्या माणसाला विचारा, एकच नाव दिवसातून किती वेळा घ्यावेसे वाटते. पण पुनरुक्तीचे दोन प्रकार आहेत. एकीत शब्द तोच आणि अर्थही तोच. दुसरीत शब्द तोच राहतो आणि त्याखालची जमीन सरकते. या कवितेतील पुनरुक्ती दुसऱ्या जातीची आहे.

पहिल्या दोन कडव्यांची तिसरी ओळ शब्दशः एकच आहे आणि पाचवी ओळही एकच आहे. तिसरीत 'केवढे हे भाग्य' अशा आशयाचा उद्गार. पाचवीत घर शांत झाल्याचा निर्वाळा. आपल्या पालुपदासारखेच वाटते, आणि वाचक मनाशी म्हणतो की आता हे आठही कडव्यांत येणार. ते तिसऱ्या कडव्यापासून थांबते. घर मागे पडले, आता त्याची आठवण काढण्याचे कारण नाही. पण 'भाग्यवान' हे विशेषण मात्र थांबत नाही. पहिल्या दोन कडव्यांत ते नशिबाला लावलेले होते. तिसऱ्या कडव्याच्या पहिल्याच ओळीत ते रात्रीला लागते. पहिल्या कडव्यात रात्र 'अंधारी' होती, तिसऱ्यात ती 'भाग्यवान' झाली, पाचव्यात ती पहाटेहून 'प्रिय' झाली. 'नोचे', म्हणजे रात्र, हा शब्द कवितेत पाच वेळा आहे. त्यांपैकी 'अंधारी' हे विशेषण एकदाच, अगदी आरंभी, लागलेले आहे. आम्ही जगभर उचलून धरले ते नेमके तेवढेच. कवितेने स्वतः ते विशेषण पुन्हा वापरलेले नाही.

वाट दाखविण्याचा शब्दही असाच सरकतो. तिसऱ्या कडव्यात हृदयातला उजेड हा 'वाटाड्या' आहे. चौथ्यात तोच उजेड, भर दुपारच्या प्रकाशाहून खात्रीने, 'वाट दाखवीत होता'. आणि पाचव्यात कवयित्री म्हणावी ती स्त्री वळून बोलते ती रात्रीशी, 'वाट दाखविलीस' असे. उजेडाचे काम रात्रीच्या नावावर जमा झाले. कोणतेही स्पष्टीकरण नाही, 'कारण' किंवा 'म्हणून' असा शब्द नाही. धातू तोच ठेवून कर्ता तेवढा बदलला आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कवितेत 'तू' म्हणून ज्याला हाक मारली आहे असा एकच आहे, आणि तो प्रियकर नव्हे. ती रात्र आहे. 'अगे रात्री' अशी हाक पाचव्या कडव्यात तीनदा येते. ज्या वेळेने दुःख दिले तिला कोणी अशी लाडाने तीनदा हाक मारीत नाही.

मग संताच्या गद्यात जी वेदना आहे तिचे काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळला तर आमचे म्हणणे लंगडे पडेल. या एका कवितेवर योहानाने दोन ग्रंथ लिहिले: 'कार्मेल पर्वताचे आरोहण' आणि 'अंधारी रात्र'. दोन्हींत शुद्धीकरणाचे, कोरडेपणाचे, देवाने पाठ फिरविल्यासारख्या भासाचे वर्णन आहे, आणि ते सौम्य नाही. प्रचलित अर्थ आला तो तेथून. परंतु या दोन ग्रंथांविषयी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते: दोन्ही अपूर्ण आहेत. पहिल्या दोन कडव्यांचे विवेचन होते, तिसऱ्याला हात लागतो न लागतो तोच लेखणी थांबते. ऐक्याचे कडवे, देवदारांचा वारा, शेवटची लिलीची फुले, यांच्यावर संताचे भाष्यच नाही. म्हणजे आपण जिला 'अंधारी रात्र' म्हणून ओळखतो ती कवितेचा पहिला चतुर्थांश आहे. उरलेला तीन-चतुर्थांश गद्यात उतरलाच नाही. तो का थांबला याविषयी तर्क पुष्कळ झाले आहेत. आमच्या मते वाचकाने तर्क करण्यापेक्षा उरलेली सहा कडवी वाचावीत.

जेवढे भाष्य आहे तेही पुनरुक्तीच्या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे. घर शांत झाल्याची जी ओळ दोनदा जशीच्या तशी येते, तिचा अर्थ संत दोनदा वेगवेगळा लावतो. पहिल्या वेळी शांत झालेले घर म्हणजे इंद्रियांचे घर. दुसऱ्या वेळी आत्म्याच्या वरच्या शक्तींचे. एकाच वास्तूचा जणू खालचा मजला आणि वरचा मजला. शब्द तेच, मजला वेगळा. वेषांतराचेही त्याने तीन रंग सांगितले आहेत: श्रद्धेचा पांढरा, आशेचा हिरवा, प्रीतीचा तांबडा. हे सुंदर आहे, तरी कवितेत रंग एकही नाही हे विसरून चालणार नाही. अंधारात रंग दिसत नाहीत.

कवितेतले सारे काही भूतकाळात आहे, हेही येथे नोंदवले पाहिजे. ती स्त्री जिन्यावरून बोलत नाही, पोहोचल्यानंतर बोलते. 'भाग्यवान रात्र' हे पोहोचलेल्याचे शब्द आहेत. म्हणूनच जो अजून जिन्यावर आहे, ज्याच्या घरात कालच मरण झाले आहे, त्याच्या तोंडात ते कोंबू नयेत. त्याच्याजवळ बसावे, भाकरी-भाजीची सोय पाहावी. शोकाला 'अंधारी रात्र' असे गोंडस नाव देऊन उठून जाणे सोपे असते, आणि ते नाव एका संताच्या कवितेतले आहे म्हणून ते अधिक सोपे होते.

स्पेनमध्ये त्याच काळात सेबास्तियान दे कोर्दोबा या नावाच्या गृहस्थाने गार्सिलासोच्या प्रेमकवितांचे 'दैवी' रूपांतर करून १५७५ साली पुस्तक छापले होते. छंद तोच, यमके शक्य तेथे तीच, आणि प्रेयसीच्या जागी देव. योहानाला हे पुस्तक माहीत होते. लग्नसराईत सिनेमाच्या चालीवर भक्तिगीते बसविणारे आपले हौशी गीतकार त्या कोर्दोबाचेच वंशज समजावेत. हेतू चांगला, गळाही चांगला, फक्त मूळ गाण्याचे शब्द ऐकणाऱ्याच्या ओठांवर आधी येतात. योहानाने ती वाट धरली नाही. त्याने प्रेमाचे शब्द बदलून पवित्र शब्द घातले नाहीत. प्रेमाचे शब्द प्रेमाचेच राहू दिले, आणि छंद, यमक, पुनरुक्ती यांना असे काही कामाला लावले की ते शब्द आपल्याच पायांनी वर चढले. स्त्री-पुरुषांतील प्रेमाविषयी कमीपणाची भावना असलेल्या माणसाला हे साधले नसते. आपल्या विवाहविधीच्या वाचनांत 'गीतरत्ना'तील उतारा निवडण्याची मुभा ख्रिस्तसभेने दिली आहे, तीही याच विश्वासातून.

मराठी वाचकाला यात परके वाटावे असे काही नाही. पुरुष संताने स्त्रीच्या मुखाने विरह आणि मीलन गावे, ही रीत ज्ञानदेवांच्या विराण्यांपासून आपल्याकडे आहे. या कवितेचे मराठीकरण करू पाहणाऱ्याला एक मोठी सोयही आहे. इंग्रजीत लिंगाचे प्रत्यय नाहीत, त्यामुळे 'आमादा-आमादो' हा सबंध प्रवास इंग्रजीत पोहोचतच नाही; रॉय कॅम्पबेल यांनी १९५१ साली केलेल्या भाषांतरात यमके राखली आहेत, पण हे त्यांच्याही हाती लागणे शक्य नव्हते. मराठीत '-लेली'ने सुरुवात करून '-लेला'वर शेवट करता येतो. उलट, मराठीत 'निघाले' म्हणताच बोलणारी स्त्री आहे हे त्याच क्षणी उघड होते. स्पॅनिशमध्ये ते क्रियापद लिंग लपवून ठेवते आणि यमकच ते सांगते. एक मिळते, एक जाते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही या आठ कडव्यांशी थोडी झटापट करून पाहिली. सात-अकरा-सात-सात-अकरा हे माप मराठीत बसते, विशेष ताण न पडता बसते. अडले ते शेवटच्या ओळीतील फुलापाशी. मूळ शब्दाचा अर्थ पांढरी लिली. शुभवर्तमानाच्या जुन्या मराठी भाषांतरांत 'भूकमळ' आहे, पण ते आज कोणाच्या परसात फुलताना ऐकिवात नाही. 'कमळ' म्हटले तर पाण्यात जाते आणि तिची काळजी चिखलात पडते. 'निशिगंध' रात्रीला शोभतो, पण मग रात्र पुन्हा एकदा ओढून आणल्यासारखी होते, आणि कवीने तर शेवटच्या तीन कडव्यांत रात्रीचे नाव घेतलेले नाही. संत अंतोनीच्या पुतळ्यापाशी आपल्या बायका जे फूल ठेवतात त्याला त्या 'लिली'च म्हणतात. दोन अक्षरे, ओळीत बसतात. तूर्त तोच शब्द ठेवला आहे.